हलकं रक्त

स्कन्थॉर्पच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
नर्सबाईने बोटाला सुई टोचली
आणि माझा एक थेंब निळ्या पाण्यात सोडला.
पुढच्या माणसाचा दगडासारखा बुडाला होता.
माझा अर्ध्यावर थांबला,
जरा विचार केल्यासारखा,
आणि वर आला.

'सॉरी, लव्ह,' ती म्हणाली. बिस्किट मात्र दिलं.

ज्या गावाच्या पोटातून लोखंड निघालं,
ज्याच्या फुटबॉल टीमलाही लोक 'आयर्न' म्हणतात,
रात्री भट्टीचा उजेड लागून
जिथलं आभाळ भाजल्यासारखं दिसायचं,
तिथे अकरा वर्षं राहून
माझ्या अंगाला काहीच लागलं नाही.

रिपोर्टमध्ये फेरिटिन सात.
शाळेत माझा आवडता आकडा होता.

मग एकेक आठवत गेलं.
जिन्यात मधेच थांबून फोन बघण्याचं नाटक.
मध्यरात्री फ्रीजरसमोर उभ्याने
कडाकडा बर्फ फोडणं,
हेरंब झोपेतून ओरडायचा, दात जातील!
आणि त्याच्याही मागे, चाळीसगाव, चौथी ब:
पाटीवरची पेन्सिल,
अर्धी लिहायला, अर्धी खायला.
वाघुळदे बाईंनी हातावर पट्टी मारली.
पोर माती का मागतंय
हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टर ओकाफोरनी विचारलं. मांस? नाही.
अंडं? नाही. चहा?
चार, मी म्हणाले. सहा होते.
'जेवणाला चिकटून नको. तासभर आधी, तासभर नंतर.'
सवतीला गावाबाहेर ठेवावं
तसा चहा ठेवला.

गोळी उपाशीपोटी, संत्र्याच्या रसाबरोबर.
तोंडात जुन्या नाण्याची चव,
पोटात धोंडा,
आणि सकाळी डांबर.
असलं कवितेत लिहू नये म्हणतात.
पण त्या तीन महिन्यांत माझ्याकडे
याहून मोठी बातमी नव्हती.

रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात कढई दिसली,
खोलगट, जड, कडेने गंजलेली. दोन पौंड.
विकणारा सिरिल, चौतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये.
'आईने जन्मभर यात डुकराच्या चरबीत तळलं,'
तो अभिमानाने म्हणाला.
मी हात मागे घेतला.
कशाला हवीय, त्याने विचारलं. सांगितलं.
तो हसला नाही.
'लिव्हर खा.'
'नाही खात.'
बराच वेळ त्याने कढईकडे पाहिलं.
'मग आधी जाळून काढ. लाल होईस्तोवर.
लोखंडाला काही आठवत नाही.'

परसात कोळशावर दोन तास जाळली.
निळा धूर. शेजारणीने खिडकी लावून घेतली.
मग चिंच, राख, काथ्या,
मग शेंगदाण्याचं तेल, तीनदा.
व्हिडिओवर आईला दाखवली.
ती म्हणाली, वा, जुनी दिसतेय.
मी म्हणाले, हो.

आता आमटी त्यातच. चिंच पडली की काळी होते,
झाली की लगेच उतरवते, नाहीतर
डाळीआधी कढईच जिभेला लागते.
मटकीला मोड. वरून लिंबू, हात आखडता न घेता.
लेस्टरहून मागवलेले अळीव
नारळाच्या पाण्यात रात्रभर फुगवून
गूळखोबऱ्याचे लाडू वळले
तर हेरंब म्हणाला, कोण बाळंत झालंय?
मीच, म्हटलं.
आणि डबा उंच फळीवर ठेवला.

परवा एकोणीस.
चांगलं आहे, डॉक्टर म्हणाल्या, पुरेसं नाही.
जिना एका दमात चढते,
वर गेल्यावर मात्र थोडं उभं राहावं लागतं.
जेवण एकला, चहा तीनला,
त्या दोन तासांत मी घड्याळाशी बोलत नाही.

काल स्टेशनरीच्या दुकानात
पांढऱ्या खडूंचा डबा दिसला.
उघडून वास घेतला. ठेवून दिला.
दारापर्यंत जाऊन परत आले.
'लिहायला हवेत,' मी काउंटरवरच्या मुलाला सांगितलं.
त्याने विचारलं नव्हतं.